समुद्र फुकट आहे, मग बत्तीस हजार कशाचे?

"ताई, माझं वय ५१, सांगलीला राहते. लग्नाला डिसेंबरात पंचवीस वर्षं झाली. बंगळूरला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीने आम्हाला दक्षिण गोव्यातल्या एका पंचतारांकित बीच रिसॉर्टचं एका रात्रीचं व्हाउचर दिलंय. मार्चअखेरपर्यंत रविवार ते गुरुवार कुठलीही तारीख घ्या म्हणाली. पैसे परत मिळत नाहीत. कर धरून किंमत ३२ हजार! आमचे हे सहकारी बँकेत आहेत. आकडा ऐकल्यापासून घुश्शात आहेत. म्हणतात, 'समुद्र काय त्यांच्या बापाचा आहे? एवढ्यात सगळं घर गणपतीपुळ्याला चार दिवस राहून येईल.' आता नवीन टूम काढलीय, पुतण्याचं नुकतंच लग्न झालंय, त्याला देऊन टाकू. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, त्यांना रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, म्हणून गेली सहा वर्षं मी त्यांच्याच खोलीत झोपते. मला जायचंय. पण तिथे काय घालायचं, कसं वागायचं, इंग्रजी कोण बोलणार, काही कळत नाही. आणि खरं सांगू? दिवसभर आम्ही दोघंच असलो तर बोलायचं काय, याचीच जास्त भीती वाटते. जावं का?"

ताई,

जा. व्हाउचर पुतण्याला देऊ नका. त्याचा आहेर राहिला असेल तर पाकीट द्या, पण हे नको. नव्या जोडप्याला एकांत मिळावा म्हणून सगळं घर झटत असतं. त्यांनी भर दुपारी दार लावून घेतलं तरी लोक हसून गप्प बसतात. पंचवीस वर्षं झालेल्या जोडप्याने दार लावलं की बाहेरून विचारणा होते, "बरं नाही का?"

आता तुमच्या मिस्टरांकडे वळते. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि ते अर्धं आधी मान्य करून टाकते, नाहीतर ते इथेच वाचणं सोडतील. समुद्र खरंच कोणाच्या बापाचा नाही. आपल्या देशात भरतीची रेषा आणि पाणी यांच्यामधली वाळू सगळ्यांची असते, कुठल्याही हॉटेलला ती आपली म्हणून विकता येत नाही. दोना पावलाजवळ वायंगिणीचा किनारा आहे. तिथली लोकांची जुनी वाट एका हॉटेलच्या बांधकामाने अडली, लोक कोर्टात गेले, आणि २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती वाट मोकळी करायला लावली. म्हणजे तुम्ही दोघं सांगलीहून भाकरी बांधून नेलीत आणि बाणावलीच्या वाळूत बसून खाल्लीत, तरी बाजूच्या रिसॉर्टमध्ये बत्तीस हजार भरून आलेल्यांना दिसतो तोच समुद्र आणि तोच सूर्यास्त तुम्हालाही दिसेल. तिथेच सकाळी रापणकार जाळं ओढत असतात, त्यांचाही तोच समुद्र.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत सांगत नाहीत. १९९१ साली किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम आले आणि गावाकडच्या किनाऱ्यांवर भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत नवं हॉटेल उभारायला बंदी आली. त्यामुळे दक्षिण गोव्यातली बरीच मोठी रिसॉर्टं वाळूच्या टेकड्यांच्या मागे, माडांच्या आत आहेत. फोटोत लाटा पायरीला लागलेल्या दिसतात. प्रत्यक्षात खोलीतून निघायचं, बागेतून जायचं, टेकडीवरची फळ्यांची वाट ओलांडायची, मग पाणी. 'सी व्ह्यू' खोलीतून कित्येकदा माडांचे शेंडे आणि त्यांच्या वर एक निळी रेघ दिसते. मुलीने 'गार्डन व्ह्यू' घेतली असेल तर वाईट वाटून घेऊ नका. रिसेप्शनवर गोड बोलून पाच-सहा हजारांत खोली 'अपग्रेड' करून देतो म्हणतील, तर नको म्हणा. खोलीत बसून समुद्र बघायला तुम्ही चाललेल्या नाही.

मग बत्तीस हजार कशाचे? हिशेबी माणसासाठी हिशेबच मांडते. रात्रीला साडेसात हजारांच्या वर भाडं असलेल्या खोलीला १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे तुमच्या व्हाउचरमध्ये मूळ भाडं साधारण २७,११९ आणि सरकारचे ४,८८१. (सप्टेंबर २०१९ पर्यंत असल्या खोल्यांना २८ टक्के होता, तेवढं समाधान मानायला सांगा.) उरलेल्यात इमारत आली, बाग आली, गाद्या आल्या, दिवसभर वाळू झाडणारी माणसं आली. पण तुमच्यापुरतं बोलायचं तर ते पैसे आहेत ते एक अख्खा दिवस तुम्हाला कोणी हाक मारणार नाही, याचे.

गणपतीपुळ्याची सहल जरूर करा, मे महिन्यात करा. पण ती डोळ्यांसमोर आणून बघा. सासूबाईंच्या गोळ्यांची पिशवी कोणाच्या खांद्यावर असेल? ओले टॉवेल कठड्यावर कोण वाळत घालेल? जावेच्या धाकट्याला आंबोळी नको, पोळीच पाहिजे, हे आत स्वयंपाकघरात जाऊन कोण सांगेल? त्या सहलीत तुमची फक्त जागा बदलते, काम तेच राहतं. मिस्टरांना हे दिसत नाही कारण ते सहलीला जातात तेव्हा खरोखरच सहलीला जातात. त्यांना हे भांडून सांगू नका. एवढंच म्हणा, "पुळ्याला सगळ्यांबरोबर येईन, इथे तुमच्याबरोबर जायचंय." बहुतेक पुरुषांना हे वाक्य कित्येक वर्षांत ऐकायला मिळालेलं नसतं.

मला वाटतं, त्यांचा घुस्सा निव्वळ पैशाचा नाही. गेलेले पैसे परत येत नाहीत हे बँकेतल्या माणसाला मी काय सांगायचं. मुलीने आपल्यासाठी एवढा खर्च केला, याचा अभिमान आणि संकोच त्यांच्या मनात एकदमच आला असणार, आणि आपल्याकडच्या वडिलांना या दोन्हींसाठी मिळून एकच चेहरा ठाऊक आहे, रागाचा. त्यात आणखी, बँकेत लोक त्यांच्यासमोर उभे राहतात. रिसॉर्टमध्ये ते काउंटरच्या दुसऱ्या बाजूला असतील, गणवेशातला पंचविशीतला मुलगा इंग्रजीत काहीतरी विचारेल, आणि ते बायकोसमोर. तुम्हाला जी भीती वाटते तीच त्यांनाही वाटते, तुम्ही पत्र लिहिलंत आणि त्यांनी पुतण्या पुढे केला.

म्हणून काउंटरवर काय होतं ते आधीच सांगून ठेवते. दोघांचंही ओळखपत्र मागतील, आधार पुरतं. मग एक कार्ड मागतील, 'डिपॉझिट'साठी. इथेच माणसं बिथरतात, पैसे भरलेत तर पुन्हा कसले? खोलीत जेवण मागवलं, काही घेतलं, तर त्याच्या वसुलीची ती तजवीज असते. निघताना हिशेब होऊन उरलेलं सुटतं. क्रेडिट कार्ड असेल तर ते द्या, त्यावर रक्कम नुसती अडकवून ठेवतात. डेबिट कार्डातून ती खरोखर वजा होते आणि परत यायला काही दिवस जातात. कार्ड द्यायचंच नसेल तर रोख चालते, पावती घ्या. हे सगळं हिंदीत बोला. गोव्यातल्या कामगारांपैकी बऱ्याच जणांना मराठीही कळते, आणि सिंधुदुर्गातून, बेळगावातून आलेलं कोणी ना कोणी तिथे भेटतंच. इंग्रजीची गरज मुळीच पडत नाही.

खोलीतल्या छोट्या फ्रिजमधलं जे उचलाल त्याचे पैसे लागतात, आणि ते छापील किमतीपेक्षा जास्त असतात. मिस्टरांनी एमआरपीवरून वाद घालू नये, कारण २०१७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलांना बाटलीबंद पाणीसुद्धा जास्त दराने विकायला मुभा दिली आहे. टेबलावर ठेवलेल्या ज्या बाटल्यांवर 'कॉम्प्लिमेंटरी' लिहिलेलं असतं त्या फुकट, चहा-कॉफीच्या पुड्या फुकट, किटली तिथेच असते. वाद घालायचाच असेल तर त्यांना एक पक्की जागा सांगते. जेवणाच्या बिलात न विचारता 'सर्व्हिस चार्ज' लावलेला दिसला तर तो काढायला सांगा. ४ जुलै २०२२ च्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या सूचनांप्रमाणे तो आपोआप लावता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम केल्या. तिथे त्यांना बँकेतल्या आवाजात बोलू द्या. बरं वाटेल त्यांना.

आता एक रात्र म्हणजे किती, ते बघू. खोली दुपारी दोन-तीनला मिळते, दुसऱ्या दिवशी अकरा-बाराला सोडायची. म्हणजे विसेक तास, त्यात झोप गेली. हा तोटा भरून काढायची एक सोपी युक्ती आहे आणि सांगलीकरांना ती फार चांगली जमते, कारण तुमच्याकडून गोव्याला रात्रीची गाडी आहे. गोवा एक्सप्रेस. रात्री मिरजेत बसलात की पहाटे मडगाव. स्टेशनवरून बाणावली, वार्का, कावेलोशी, जिथलं रिसॉर्ट असेल तिथे टॅक्सीने पाऊण तासाच्या आत. आधी मडगावात गरम पाव-भाजी आणि चहा घ्या, मग सकाळीच जाऊन दाखल व्हा. खोली तयार नसेल, पण सामान ठेवून घेतात, कपडे बदलायला जागा देतात, आणि बाग, पोहण्याचा तलाव, किनारा तुमचाच. आधी फोन करून विचारलं असेल तर कधी कधी खोलीही लवकर मिळते. दुसऱ्या दिवशी तसंच करा. बाराला खोली सोडा, सामान त्यांच्याकडे राहू द्या, परतीची गाडी दुपारनंतरची आहे तोवर माडाखाली बसा. एका रात्रीत दीड दिवस होतो. हे मिस्टरांना सांगाच, तासाचा दर खाली येतो.

परतताना घाट उजेडात लागेल. कुळे स्टेशनच्या पुढे कॅसलरॉकपर्यंत गाडी सदतीस फुटांना एक फूट अशी चढते आणि दूधसागर अगदी जवळून दिसतो. फेब्रुवारीत धार बारीक असते, पण असते. मोपाला उतरणाऱ्या विमानाचा विचार कोणी सुचवला तर सोडून द्या. मोपा विमानतळ गोव्याच्या उत्तर टोकाला आहे, तिथून दक्षिण गोव्यात यायचं म्हणजे अख्खं राज्य ओलांडायचं.

तारीख कुठली घ्यायची हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मला विचाराल तर सगळ्या पत्रात हीच गोष्ट सगळ्यात मजेची आहे. मुलगी कॅलेंडरमध्ये सुट्ट्या बघेल, तुम्ही पंचांग बघा. आपल्या किनाऱ्यावर कोळ्यांचा जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाचे पाऊण सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. तुम्ही सूर्यास्त बघायला जाल तेव्हा पाणी वर आलेलं, चालायला अरुंद पट्टी, पाय मऊ वाळूत रुतणार. पौर्णिमेला पंधराचे पाऊण सव्वाअकरा, म्हणजे भर दुपारी आणि मध्यरात्री भरती, आणि पहाटे-संध्याकाळी ओहोटी. पाणी लांब गेलेलं, ओली वाळू फरशीसारखी घट्ट, चपला हातात घेऊन कितीही चाला. त्या बाजूला माजोर्ड्यापासून मोबोरपर्यंत कित्येक किलोमीटर सलग किनारा आहे, मध्ये अडवायला काही नाही.

पौर्णिमेचा दुसराही फायदा आहे, पण सिनेमात दाखवतात तो नाही. आपला समुद्र पश्चिमेला. सूर्य समुद्रात मावळतो तेव्हा पौर्णिमेचा चंद्र तुमच्या पाठीमागून, माडांतून वर येतो. समुद्रावरचा चंद्र बघायचा तर पहाटे उठायला लागतं. सहाच्या सुमारास तो पाण्यावर खाली आलेला असतो आणि सूर्य उगवायच्या वेळेला समुद्रात उतरतो. बाकी सगळं रिसॉर्ट रात्रीच्या पार्टीने झोपलेलं असतं. तुम्हाला तर सहा वर्षांपासून पहाटे उठायची सवयच आहे! माघी पौर्णिमा किंवा तिच्या पुढचा-मागचा दिवस रविवार ते गुरुवारात बसत असेल तर तो धरा. होळी पौर्णिमा नको, तेव्हा गर्दी आणि रंग. कार्निव्हलचे चार दिवसही टाळा, मिरवणुकीपायी मडगावात रस्ते बंद होतात.

कपड्यांचं थोडक्यात. साडी नेसा, सलवार-कमीज घाला, कोणी वळून बघत नाही. तिथे सगळ्यात वाईट कपडे सगळ्यात श्रीमंत माणसांचे असतात. नवऱ्याला एक बरी फुल पँट असू द्या, काही ठिकाणी रात्रीच्या जेवणाला हाफ पँट-चप्पल चालत नाही. तलावात उतरायचं असेल तर मात्र पोहण्याचेच कपडे लागतात, सुती ओढणी-सलवार घालून सोडत नाहीत. लांब बाह्यांचा, पायघोळ असा पोशाख आता मिळतो, खेळाच्या सामानाच्या दुकानात विचारा. समुद्रात पाय बुडवायला कसलीच अट नाही. फक्त लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच उतरा, नुसता लाल झेंडा असेल तिथे नको, आणि जीवरक्षक संध्याकाळी निघून गेले की गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही. मिस्टर कृष्णेत पोहायला शिकले असतील. नदीत पोहणाऱ्या माणसाला समुद्राची ओढ कळत नाही, हे त्यांना न चिडवता सांगा.

जेवणाचं आधी मुलीकडून विचारून घ्या. व्हाउचरवर 'सीपी' असेल तर खोली आणि नाश्ता, 'एमएपी' असेल तर नाश्ता आणि एक जेवण, 'एपी' म्हणजे सगळं. नुसता नाश्ता असेल तर तो उशिरा आणि भरपूर करा. दुपारचं गावातल्या खाणावळीत खा, शीत-कडी, तळलेला बांगडा, मिळाली तर मुडदुशी. माणशी काही शे रुपयांत होतं. रात्री मात्र आतच जेवा, एकदाच. पाच-सहा हजार जातील, घरूनच बाजूला काढून ठेवा म्हणजे तिथे मेन्यूची उजवी बाजू वाचत बसायला नको. काटा-चमचा जमत नसेल तर हाताने जेवा. माशाचे काटे सुरी-काट्याने काढणारा माणूस मी गोव्यात पाहिलेला नाही. हे पैसे खर्च करायला सांगतेय म्हणून रागावू नका. चार चपात्या डब्यात नेऊन खोलीत खाल्ल्या तर सगळी रात्र घरचीच होऊन जाईल.

आता सासूबाई. तुमच्या पत्रातली मला खरी अडचण वाटते ती हीच. जायचं-यायचं धरून दोन रात्री आणि परतीच्या दिवशी उशीर. या काळात त्यांच्या खोलीत कोणीतरी झोपायला हवं. ते कोणी ठरवायचं? तुम्ही नाही. त्या त्यांच्या आई आहेत. दिराला, नणंदेला फोन मिस्टरांनी करायचा, आणि "जमेल का" असं न विचारता "अमुक तारखेला दोन रात्री तुम्ही या" असं सांगायचं. कोणालाच जमत नसेल तर रात्रीपुरती बाई ठेवा, मात्र आधी दोन-तीन रात्री तुम्ही घरी असताना तिला बोलवा, म्हणजे सासूबाईंना तिचा हात ओळखीचा होईल. गोळ्यांच्या वेळा, रात्री उठायच्या वेळा, डॉक्टरांचा नंबर मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून भिंतीला लावा. आणि सासूबाईंना खरं सांगा. लग्नाला चाललोय, बँकेचं काम आहे, असलं काही नको. ८१ वर्षांच्या बाईला नवरा-बायकोने दोन दिवस बाहेर जाणं कळत नाही असं समजू नका. कदाचित नाक मुरडतील, कदाचित तुमच्या हातात पन्नासची नोट ठेवून "तिकडचे काजू आण" म्हणतील. दोन्हीला तयार राहा.

गेल्यावर फोन दिवसातून एकदा करायचा, संध्याकाळी, आणि तोही मिस्टरांनी. तुम्ही केलात तर तुम्हाला डाळीत मीठ किती घालायचं इथपासून विचारतील.

आणि आता तुमचं शेवटचं वाक्य. बोलायचं काय?

काही नाही बोललात तरी चालेल. तुम्ही दोघं गेली सहा वर्षं एका खोलीत झोपलेला नाही. रात्रीचं ते पाच-दहा मिनिटांचं बोलणं, दिवा मालवल्यावरचं, ज्यात कोणाचं लग्न ठरलं, कोणाशी बँकेत वाजलं, गुडघा कसा दुखतो असलं निरर्थक सगळं येतं, ते तुमच्या घरातून गेलं. त्यामुळे आता समोरासमोर बसून बोलायची वेळ आली की मोठं, महत्त्वाचं काहीतरी बोलायला हवं असं वाटत असणार. तसं काही नाही. समोरासमोर बसूच नका. वाळूत बाजूबाजूने चाला. चालताना माणूस समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाही, गप्प राहिलं तरी गप्प राहिल्यासारखं वाटत नाही, आणि अर्ध्या तासाने आपोआप काहीतरी निघतं. सोबत पत्त्यांचा कॅट न्या. दोघांत मेंढीकोट होत नाही, पण रमी होते. दुपारी एक-दोन तास वेगवेगळे घालवा. ते झोपाळ्यावर पेपर वाचू देत, तुम्ही एकट्या पाण्याजवळ जा. दोघं गेलात म्हणून प्रत्येक मिनिट दोघांनी घालवलंच पाहिजे असं कुठे आहे?

एक पथ्य मात्र पाळा. जुने हिशेब त्या दिवसात उघडू नका. मुलीच्या वेळच्या बाळंतपणात कोण काय बोललं, प्लॉट कोणाच्या नावावर झाला, नणंदेच्या लग्नात तुमच्या बांगड्या का मोडल्या, हे सगळे प्रश्न खरे असतील, त्यांची उत्तरं तुम्हाला मिळायलाही हवीत. पण निवांतपणा मिळाला की तेच पहिल्यांदा वर येतात आणि परतीच्या गाडीत दोघं दोन खिडक्यांना बसतात. ते सांगलीला येऊन बोला.

पलंगाबद्दलही बोलते, कारण तुम्ही सहा वर्षांचा उल्लेख उगाच केलेला नाही. त्या रात्रीकडून कसलीही अपेक्षा ठेवू नका, तुमच्याकडून नको, त्यांच्याकडूनही नको. पन्नाशीनंतर शरीर आपल्या वेळेने चालतं. तुमच्या वयात बऱ्याच बायकांना कोरडेपणामुळे दुखतं. त्यावर साधी औषधं आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारायला लाजू नका, पण ते गोव्याला जायचं म्हणून नाही, एरवीही विचारायचंच. त्या रात्री शेजारी झोप लागली, त्यांचं घोरणं पुन्हा ऐकलंत, मध्यरात्री कोणाला उठवायला न लागता उठलात आणि पुन्हा झोपलात, तरी पुष्कळ झालं. आणि याहून काही जास्त झालं तर ते मला पत्रात कळवायची गरज नाही.

म्हणूनच मुलीला आज रात्री फोन करा आणि एक निरोप हॉटेलला द्यायला सांगा, पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या नकोत, टॉवेलचे हंस नकोत. 'अॅनिव्हर्सरी' म्हटलं की रिसॉर्टवाले उत्साहाने हे करून ठेवतात. दार उघडल्यावर तो बदाम आणि त्यावर चोचीला चोच लावलेले दोन हंस बघून तुमचे मिस्टर सामान तिथेच टाकून बाहेर बागेत जाऊन बसतील, आणि तुम्हाला त्या पाकळ्या उचलत बसावं लागेल. केक पाठवायचा तर पाठवू देत, छोटा. व्हाउचरवर दोघांची नावं ओळखपत्रावर आहेत तशीच आहेत ना, तेही बघायला सांगा.

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. ते काम मिस्टरांवर सोपवा. एकदा तिकिटं त्यांनी स्वतः काढली की पुतण्याचा विषय परत निघणार नाही. जाताना रात्रीचा प्रवास आहे, दोघांना खालचा बर्थ मिळतो का बघा. परतताना दूधसागर बघायचा तर तिकीट काढताना खिडकीचं बघा, आणि गाडी रात्री उशिरा मिरजेला येईल, तेव्हा स्टेशनवर रिक्षा आधीच सांगून ठेवलेली बरी.